अनुस्वाराचा दिवा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. अंधेरी स्थानकावर आम्ही आजोबा-नातू गाडीची वाट पाहत उभे होतो. नातू इंग्रजी शाळेत जाणारा. मराठी वाचतो, पण ओळीवर बोट ठेवून. फलाटावरच्या पाटीकडे पाहत तो एकदम म्हणाला, "आजोबा, नाव अंधेरी आणि डोक्यावर मात्र दिवा!" त्याचे बोट अनुस्वाराकडे होते.

मी हसलो, पण मग विचार करू लागलो. आपण मोठी माणसे अक्षर वाचतो आणि पुढे जातो. पोराने ते पाहिले होते!

अक्षर पाहण्याचा हा छंद आपल्याकडे काही आजचा नव्हे. भारवी आणि माघ या महाकवींनी युद्धवर्णनाच्या सर्गांत चित्रबंध रचले. त्यांतला गोमूत्रिकाबंध तर मोठा गमतीचा. चालत्या बैलाच्या मूत्राची धार जमिनीवर जशी नागमोडी रेघ काढते, तशी एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळींतून नजर वरखाली फिरवली, तरी श्लोक तोच निघतो! मम्मटासारख्या शास्त्रकाराने 'चित्र' काव्याला खालच्या, तिसऱ्या प्रतीत बसवले, हेही सांगितले पाहिजे. नुसती कसरत म्हणजे काव्य नव्हे, हा त्याचा रोख.

परंतु कसरतीपलीकडचे उदाहरणही आपल्या घरातच आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ज्ञानदेवांनी ओंकारातच गणपती पाहिला: अकार हे पाय, उकार हे पोट आणि मकार हे मस्तक. लग्नपत्रिकेवर आज अक्षरांतून घडवलेला गणेश आपण कौतुकाने पाहतो. त्याचे कुळ हे असे सातशे वर्षांहून जुने आहे.

तिकडे फ्रान्समध्ये आपोलिनेर या कवीने पावसावरच्या कवितेची अक्षरे कागदावर वरून खाली, सरींसारखी तिरपी सोडली. त्याचा संग्रह १९१८ साली निघाला. मराठीत ही दृश्यकविता मन लावून केली ती र. कृ. जोशी यांनी. १९३६ साली जन्मलेला हा माणूस कवीही आणि सुलेखनकारही. उमेदीची वर्षे जाहिरातींच्या व्यवसायात गेली. पुढे पवईच्या आयआयटीत त्यांनी विद्यार्थ्यांना अक्षराकडे पाहायला शिकवले. त्यांच्या हाती शब्द केवळ अर्थ सांगत नसे. त्याचा आकार, त्याभोवतीची मोकळी जागा, सारेच बोलू लागे.

आणि योगायोग पाहा! बोरू-कुंचल्यात रमलेल्या याच माणसाने, आमच्या अंधेरीच्या शेजारी, जुहूच्या सॉफ्टवेअर केंद्रात बसून संगणकासाठी देवनागरी अक्षरांवर काम केले. विंडोज २००० बरोबर घरोघरी, कचेरीकचेरीत पोचलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. २००८ साली ते गेले. त्यांनी घडवलेली अक्षरे आपण रोज पाहिली, पण घडवणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

मला काळजी वाटते ती निराळीच. रंगाऱ्याच्या हातच्या पाट्या गेल्या, फ्लेक्स आले. त्याची हळहळ आहेच. पण घरातली मुले आता 'आई, येतो' हेदेखील फोनवर रोमन अक्षरांत लिहितात. भाषा तोंडात राहील, पण तिचा चेहराच मुलांनी पाहिला नाही, तर अनुस्वारात दिवा दिसणार तरी कोणाला?

त्या रात्री मी नातवापुढे कोरा कागद ठेवला. "व्याकरण विसर," म्हटले, "तुला दिसले तसे काढ." त्याने काळ्या खडूने ठसठशीत 'अंधेरी' लिहिले. वेलांटी चुकली, पहिली काढली होती. मी बोललो नाही. मग अनुस्वार त्याने पिवळा केला, त्याभोवती किरण काढले आणि स्वतःच थबकून पाटी आठवत म्हणाला, "आजोबा, 'री' दुसरी ना?"

यंदाच्या दिवाळीत तो कागद आमच्या दारावर आहे. वेलांटी दुरुस्त केलेली आहे, त्याच्याच हाताने.