विजेवर तापणारे जाकीट

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर डिसेंबरच्या पहाटे गाडीची वाट पाहताना स्वेटरमधूनही थंडी शिरते. स्वेटर स्वतः तापत नाही. तो आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवतो. बॅटरीच्या जाकिटाचे तसे नाही. त्याच्या अस्तरात (हा शब्द तुमच्या ओळखीचाच!) बारीक तारा किंवा कार्बन तंतूंच्या पट्ट्या असतात. त्या विजेला विरोध करतात, म्हणून तापतात. इस्त्रीसारख्याच, पण फार कमी. ३७ वॉट-तासांची बॅटरी ८ वॉटवर साधारण ४ तास चालते. रात्रभर शेतात ओलित करणाऱ्याने ते मधूनमधून बंद करावे. पण ते घालून झोपू मात्र नये. अंगाखाली दबलेल्या पट्टीने कातडी भाजते आणि झोपेत ते कळत नाही. धुण्याआधी बॅटरी काढून ठेवावी.