होडीच्या अंगावरील छेद

हुसेनसागरावर शिडाची छोटी होडी चालविण्याचा छंद मला निवृत्तीनंतर जडला. सायंकाळच्या परतीसाठी होडीच्या पुढील टोकाशी, डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा, असे दोन दिवे मी तिच्या अंगातच खोबणी करून बसविले. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा होता. मी दिव्याभोवती सीलंट भरले; कापलेल्या लाकडाची कड मात्र उघडीच राहिली. दोन पावसाळ्यांनंतर वरचा रंग शाबूत, पण आतील लाकूड कुजलेले! वरून मिटलेल्या जखमेत पू साचावा, तसेच हे झाले.

दुसऱ्या खेपेस कुजका गाभा खरवडून काढला, पोकळी वाळू दिली, तीत इपॉक्सी भरले आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच नवा छेद घेतला. मगच दिवा बसविला. वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तेथेच गळून पडतो. फ्यूज बॅटरीजवळ ठेवला. जागा पाण्याच्या पातळीच्या बरीच वर निवडली होती, हे सुदैव. पाण्याखाली एक फुटावरील इंचभर व्यासाच्या भोकातून मिनिटाला ४० लिटरहून अधिक पाणी आत शिरते.

छेद घेण्यापूर्वी तो आतून कसा भरून येईल याचा विचार करावा, हे शल्यचिकित्सक मित्रांना सांगावयास नकोच. मला ते होडीने पुन्हा शिकविले.