अर्धी नोट आज, अर्धी पुढच्या टपालाने

उभी हयात बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. त्यामुळे नोट हातात आली की आधी उजेडाकडे धरायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. माजिवड्याच्या घरी माझ्या संग्रहात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची दहा रुपयांची नोट आहे. हिरव्या वेलबुट्टीवर काळी छपाई, पाठ कोरी, आणि मधोमध जोड. पाहुणे ‘फाटकीच की!’ म्हणतात. फाटकी नाही, मुद्दाम कात्रीने कापलेली आहे.

तेव्हा लांबच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे तर नोटेचे दोन तुकडे करत. एक आजच्या टपालात टाकायचा. तो पोचल्याचं उत्तर आलं की दुसरा. दोन्ही तुकड्यांवर तोच क्रमांक, म्हणून जोडता येई. वाटेत एखादी थैली लुटली गेली, तरी चोराच्या हाती अर्धाच कागद!

सरकारी नोटा आल्या १८६१च्या कायद्याने. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या प्रेसिडेन्सी बँका आपापल्या नोटा काढत. मुंबईच्या एका नोटेवर टाऊन हॉलचं चित्र होतं. सरकारने नोटा काढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणी होती. पण खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला आणि १८६७पासून राणी जाऊन वेलबुट्टी आली.

खरी गोम वेगळीच होती. नोट ज्या चलन-मंडळाची, म्हणजे ज्या विभागातून निघालेली, तिथेच ती कायदेशीर. मुंबईची नोट कलकत्त्यात वटवून द्यायला सरकार बांधील नव्हतं. सराफ बट्टा कापून घेई. एका राज्याचे दहा रुपये गाव बदललं की कमी व्हायचे, हे माझ्यातल्या कॅशियरला अजून पचत नाही. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा टप्प्याटप्प्याने सगळीकडे चालू झाल्या.

मग महायुद्ध आलं. चांदी इतकी कडाडली, की रुपया वितळवण्यात फायदा दिसू लागला. नाणी दडवली गेली. ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची नोट निघाली, पाठोपाठ चक्क अडीच रुपयांची. छपाई परवडेना म्हणून १ जानेवारी १९२६पासून दोन्ही बंद.

तोवर सगळा कागद विलायतेहून छापून येत होता. १९२८मध्ये नाशिकच्या छापखान्यात नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२पर्यंत सरकारच्या सगळ्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या.