शेवईच्या जटा

‘अय्या, हा विग आहे का?’ आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण शेवईला बघून असंच काहीतरी विचारतो. शेवई म्हणजे माझ्या रूममेटची गिनीपिग. केस इतके लांब, की तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे ती ओरडेपर्यंत कळत नाही. फ्रिज उघडला की तिचं ‘वीऽऽक वीऽऽक’ सुरू होतं, कारण कोथिंबिरीची जुडी आत असते हे तिला पाठ आहे. घरमालकीण काकूंनीही ‘भुंकत नाही ना? मग असू दे’ म्हणून परवानगी दिली होती.

मग एप्रिल आला. सबमिशन्स, ओरल्स, परीक्षा. शेवईला खाणं-पाणी वेळेवर मिळत होतं, पिंजराही साफ होत होता. फक्त कंगवा तेवढा राहून गेला. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. एका रात्री रूममेटने तिला उचललं आणि तिचा चेहराच पडला. शेवईच्या मागच्या पायाजवळ सुपारीएवढी टणक गाठ लागत होती. ‘ट्यूमर असेल का गं?’ म्हणत ती रडायलाच लागली.

टॉर्च मारून बघितलं, तर ती केसांची जट होती. आम्हाला इतकं हायसं वाटलं, की आम्ही दोघींनी लगेच पुढची चूक केली. चार्टपेपर कापायची कात्री घेतली, जट बोटांत धरून वर ओढली आणि मुळाशी कापायला गेलो. एकच कट. शेवई किंचाळली आणि कात्रीच्या टोकाला रक्त दिसलं.

जट ओढली की कातडीही येते

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आमची चूक समजावून सांगितली. गिनीपिगची त्वचा पातळ आणि सैल असते. जट वर ओढली की तिच्याबरोबर त्वचाही तंबूसारखी वर उचलली जाते. आपल्याला वाटतं आपण केस कापतोय, पण कात्रीत कातडी आलेली असते. नशिबाने शेवईची जखम छोटी होती. डॉक्टरांनी ती साफ केली आणि एकेक जट ट्रिमरने काढायला घेतली. खालची त्वचा लालभडक आणि ओलसर होती. लघवीने भिजलेले केस तीन आठवडे तिथेच चिकटून बसले होते.

डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटचं वजन किती होतं?’ आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ‘केसांमुळे भरलेली दिसते,’ ते म्हणाले, ‘पण इथे हात लावून बघा.’ हाताला बरगड्या लागत होत्या. दुखत असलं की हे प्राणी खाणं कमी करतात, पण दुखतंय हे दाखवत नाहीत. वाटीतलं सगळं संपतंय की नाही, हे आमच्यापैकी कुणीच नीट बघितलं नव्हतं. शेवई आमच्या डोळ्यांसमोर वाळत होती आणि आम्ही तिच्या केसांचे फोटो काढत होतो.

हे केस कुणाच्या हौसेचे?

गिनीपिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. त्यांच्या रानटी भाऊबंदांचे केस आखूड असतात. पेरूव्हियन, शेल्टी, टेक्सेल अशा लांब केसांच्या जाती माणसाने निवडून निवडून तयार केल्या. परदेशातल्या प्रदर्शनांत पेरूव्हियनचे केस गुंतू नयेत म्हणून ते कागदात गुंडाळून ठेवतात. म्हणजे या केसांची गरज त्या जिवाला नाही, हौस आपली आहे. हे केस महिन्याला साधारण इंचभर वाढतात. त्यात गवताच्या काड्या अडकतात, लेंड्या चिकटतात, लघवी मुरते. वर आपला उन्हाळा! पारा २६-२७ अंशांच्या पुढे गेला की गिनीपिगना त्रास व्हायला लागतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये शेवई अंगावर गोधडी घेऊन बसली होती म्हणा ना.

म्हणून ‘केस कापले तर वाईट दिसेल’ हा विचार आधी डोक्यातून काढा. मागचे आणि पोटाखालचे केस जमिनीला टेकणार नाहीत इतके आखूड ठेवले, की निम्म्या जटा होतच नाहीत.

जट काढायची कशी?

आधी सगळं हाताशी घ्या : बोथट टोकाची छोटी कात्री, बारीक दातांचा कंगवा, टॉवेल आणि लाच म्हणून कोथिंबीर. शक्यतो दोघं जण बसा. एकाने मांडीवर टॉवेल पसरून तिला धरायचं, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. दुसऱ्याने काम करायचं. पोट तपासायला तिला पाठीवर उताणं पाडू नका. छातीला आधार देऊन थोडं उभं धरलं तरी दिसतं.

आता फक्त बोटांनी चाचपा. कानांमागे, काखेत, पोटाखाली आणि शेपटीच्या जागी, म्हणजे मागच्या बाजूला. जट कुठे संपते आणि त्वचा कुठे सुरू होते, हे बोटाला कळल्याशिवाय कात्री उचलायची नाही.

जट सैल असेल तर मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे ताण त्वचेवर येणार नाही. मग टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत या. जट घट्ट असेल तर तिच्या आणि त्वचेच्या मधून कंगवा हळूच सरकवा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापा. कंगवा तुमच्या कात्रीला कातडीपासून लांब ठेवतो. आमच्याकडे त्या रात्री कंगवा होता, ड्रॉवरमध्ये. कंगवा आतच जात नसेल, तर तिथे थांबा. ती जट डॉक्टरांची.

आणि हो, ‘आधी आंघोळ घालू, मग सुटेल’ हे करू नका. पाणी लागलं की जट आणखी आवळते. एका वेळी दहा मिनिटं पुरे. ती धडपडायला लागली की सोडून द्या, उरलेलं उद्या.

डॉक्टरकडे कधी जायचं?

जट काढल्यावर खालची त्वचा बघायलाच हवी. लाली, ओल, खपल्या, वास किंवा जखम दिसली तर घरगुती उपाय नकोत. ओल्या, घाण केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत त्वचा खातात, हे पावसाळ्यात तर विसरूच नका. कात्री लागून रक्त आलं तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि डॉक्टर गाठा. आपल्या औषधांच्या डब्यातलं मलम किंवा अँटिबायोटिक अजिबात देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं पोटात गेली तर गिनीपिगच्या जिवावर बेतू शकतात. आणि अर्धा दिवस तिने काहीच खाल्लं नसेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर गिनीपिग बघतात असं नाही, त्यामुळे बघणारे कोण आहेत हे आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

आता आमच्या फ्लॅटवर दर रविवारी शेवई स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बसते आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहिला जातो. रोज रात्री पाच मिनिटं कंगवा. परीक्षा असली तरी. रूममेटचा पेपर असेल तर माझी पाळी. शेवईचे केस आता आखूड आहेत आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे सगळ्यांना कळतं. कुणी विग म्हणत नाही. बरगड्याही आता हाताला तशा टोचत नाहीत.

तुम्ही गिनीपिग आणायच्या विचारात असाल, तर आखूड केसांची आणा. तीही तेवढीच ओरडते आणि तिलाही कोथिंबीर तेवढीच आवडते. लांब केसांची आधीच घरात असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि तिच्या पोटाखाली एकदा हात घालून बघा. फोटो नंतर काढा.