हद्दीवरचे झाड आणि तिसरा पक्ष

डोंबिवलीच्या रामनगर, टिळकनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांत चाळींच्या आणि बंगल्यांच्या परसात लावलेली आंबा, फणस, जांभूळ, नारळ ही झाडे, जागोजागी इमारती उभ्या राहिल्यानंतर दोन सोसायट्यांच्या भिंतींमधील चिंचोळ्या पट्ट्यात सापडली, आणि एकाची सावली ती दुसऱ्याची अडचण ठरू लागली. गटारात साचणारा पाला, मोटारीवर पडणारा नारळ, मुळांनी फुगवलेली कुंपणभिंत अशा तक्रारी दोन शेजाऱ्यांमधील खासगी भांडण वाटतात. महाराष्ट्राच्या शहरी भागात मात्र 1975 पासून या भांडणाला एक तिसरा पक्षही आहे.

आधी दोन पक्षांचा कायदा पाहावा. झाडाची मालकी फांद्या कोठवर पसरल्या यावरून नव्हे, तर बुंधा कोणाच्या जमिनीत आहे यावरून ठरते, आणि बुंधाच हद्दीवर असेल तर झाड सामान्यतः समाईक मानले जाते. शेजारच्या हद्दीत शिरलेली फांदी हा दिवाणी कायद्याच्या भाषेत ‘उपद्रव’, म्हणजे दुसऱ्याच्या जागेच्या उपभोगात येणारा अडथळा होय. इंग्लंडमध्ये 1894 साली ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरवले, की शेजाऱ्याला आपल्या हद्दीत आलेली फांदी, पलीकडे पाऊल न टाकता, हद्दीपर्यंत छाटता येते आणि त्यासाठी पूर्वसूचनेचीही सक्ती नाही. भारतीय न्यायालयांनीही फांदी छाटण्याचा हा हक्क मान्य केला आहे. फांदी वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली म्हणून झाडाच्या मालकाला सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा विशिष्ट उपयोग करण्याचा कायमचा हक्क, मिळत नाही, कारण फांदी दर हंगामात वाढते, बदलते. फळांचा न्याय मात्र वेगळा आहे: 1919 च्या ‘मिल्स विरुद्ध ब्रुकर’ खटल्यात शेजाऱ्याच्या झाडाची आपल्याकडे आलेली सफरचंदे काढून विकणाऱ्याला भरपाई द्यावी लागली. कोकणी मुलखातल्या आंब्यांना हा निकाल लावला, तर अनेक प्रतिष्ठित कुटुंबे अडचणीत येतील.

या सोप्या हिशेबात तिसरा पक्ष म्हणून महापालिकेला आणणारा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 शिरतो. या कायद्याने झाड खासगी जमिनीत असले तरी पूर्वपरवानगीविना तोडण्यास मनाई केली, आणि ‘तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत जाळणे, कापणे व कोणत्याही रीतीने इजा करणे यांचा समावेश केला. त्यामुळे बुंध्यात आम्ल ओतणारा आणि रात्रीत साल सोलणारा हे दोघेही गुन्हेगार ठरतात. फांदी छाटण्याचा जुना दिवाणी हक्कही यामुळे निर्धोक राहिलेला नाही, म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. म्हणजे 1970 च्या सुमारास परसात रुजवलेला आंबा आता त्या वर्गात गेला आहे.

शेजारी केवळ आपल्या बाजूच्या फांद्या उतरवतो, तेव्हा झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो आणि पावसाळी वाऱ्यात ते मालकाच्याच घरावर कोसळण्याचा धोका वाढतो, हे छाटणीच्या उत्साहात कोणी लक्षात घेत नाही. उलट, परवानगी नाकारली म्हणून झाड सुरक्षित ठरते असेही नाही: जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा मृत्यू झाला, आणि ते झाड तोडण्याचा अर्ज पाहणीनंतर आधीच नामंजूर झाल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले. पडण्याच्या बेतात असलेल्या झाडामुळे आजूबाजूच्या लोकांना इजा होण्याचा संभव असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही दाद मागता येते.

डोंबिवलीत या सगळ्याच्या आड एक साधी अडचण येते. अनेक जुन्या सोसायट्यांच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, झालेलेच नसते, आणि कुंपणभिंत मोजणीच्या नकाशातील हद्दीवरच बांधलेली असते असेही नाही. अशा ठिकाणी झाडाच्या अर्जाआधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा लागतो, आणि कधीकधी त्या मोजणीतून झाड तक्रारदाराच्याच हद्दीत निघते.