न बोललेल्या प्रेमाचे गाणे

प्रेम बोलून दाखविले की त्याला उत्तर मिळते. ते होकाराचे असो वा नकाराचे, तेथे एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते. न बोललेल्या प्रेमाला उत्तरच नसते, आणि उत्तर नाही म्हणून त्याला शेवटही नसतो. अशा प्रेमाचे गाणे करावयाचे तर गीतकारापुढे मोठी अडचण उभी राहते. ज्या गोष्टीत काही घडतच नाही, ती ऐकणाऱ्याच्या काळजाला कशी भिडवावी? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतातील एका गाण्याने ही अडचण कशी सोडविली, ते पाहण्यासारखे आहे.

‘सोल’ या शब्दाचा अर्थ आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भक्तिगीते म्हणण्याची जी उत्कट रीत होती, ती १९५० नंतरच्या दशकात ऐहिक गीतांत उतरली आणि त्यातून हा प्रकार आकाराला आला. देवाला घालावयाची साद माणसाला घातली जाऊ लागली, असे थोडक्यात म्हणता येईल. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली एक ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. पुढे ‘मोटाउन’ या नावाने ती जगभर गाजली. याच कंपनीने जानेवारी १९७१ मध्ये ‘जस्ट माय इमॅजिनेशन’ हे गाणे प्रसिद्ध केले. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग या जोडीने ते रचले आणि ‘द टेम्प्टेशन्स’ या पाच गायकांच्या संचाने ते गायिले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत ते दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

गाण्यातील हकीकत अगदी साधी आहे. एक पुरुष रोज खिडकीतून एका स्त्रीला जाताना पाहतो. ती आपली आहे, आपण भाग्यवान आहोत, असे तो स्वतःशीच म्हणतो. मग लग्न, गावाबाहेरचे छोटेसे घर, दोन-तीन मुले असा सारा संसार तो मनात मांडतो. ध्रुवपदात मात्र तो दर वेळी कबूल करतो, की हे सारे आपल्या कल्पनेचे खेळ आहेत. अगदी अखेरीस उरलेली गोष्ट कळते: ती त्याला ओळखतसुद्धा नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने अशा प्रेमाचा विचार फार बारकाईने केला आहे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले. परंतु जी रती दोघांच्या ठायी नाही, एकाच्याच मनात आहे, तिला त्याने शृंगार म्हटले नाही, शृंगाराचा आभास म्हटले. गंमत अशी, की या गाण्याचा नायकही आपल्या प्रेमाला आभासच म्हणतो! शास्त्रकाराचा निवाडा तो आधीच मान्य करून बसला आहे. तरीही ऐकणाऱ्याचे मन हलते, ते का? माझ्या मते याचे कारण असे, की संसार काल्पनिक असला तरी तो मांडणाऱ्याची ओढ काल्पनिक नाही. वस्तू खोटी आणि भूक खरी, अशी ही अवस्था आहे. तिची साक्ष शब्द देत नाहीत, सूर देतात.

प्रथम रचना पाहा. पाश्चात्त्य संगीतात पंचमावर उभारलेल्या स्वरसंवादावरून षड्जावर परतले, की वाक्य पुरे झाल्यासारखे वाटते. या गाण्याच्या कडव्यांत ते परतणे टाळलेले आहे. षड्जावरचा आणि मध्यमावरचा असे दोनच स्वरसंवाद झोपाळ्यासारखे एकमेकांआड येत राहतात. झोका जातो, येतो, पण कोठे पोहोचत नाही. खिडकीतल्या माणसाचे रोजचे पाहणे याहून नेमके कसे दाखविणार? भोवतीचा तंतुवाद्यांचा मेळ मात्र हळूहळू भरत जातो. बाहेर काही घडत नाही, आतले घर वाढत असते.

दुसरी गोष्ट आवाजाची. मुख्य गायक एडी केंड्रिक्स यांनी हे गाणे ‘फॉल्सेटो’त, म्हणजे पुरुषाने नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन काढलेल्या पातळ, हलक्या आवाजात म्हटले आहे. हा आवाज स्वतःशी बोलण्याचा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रीला तो ऐकू जाणार नाही, अशीच जणू काळजी त्यात घेतलेली आहे.

मध्येच एक जागा येते. नायक गुडघे टेकून देवाची प्रार्थना करू लागतो, आणि ती सुरू होते पॉल विल्यम्स यांच्या जड, खालच्या आवाजात. तो मागतो काय? तिचे प्रेम आपल्यापासून हिरावले जाऊ नये, एवढेच. जे कधी मिळालेच नाही, ते जाऊ नये म्हणून ही प्रार्थना! सोल संगीताचा चर्चशी असलेला संबंध येथे उघडा पडतो, आणि गाण्यातील सारे दुःख या एका मागण्यात साठते.

केंड्रिक्स आणि विल्यम्स हे अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या एकाच चर्चमधील गायकवृंदात लहानपणी एकत्र गात असत. १९७१ सालीच दोघांनीही संच सोडला, एकाने मतभेदांमुळे, दुसऱ्याने ढासळलेल्या प्रकृतीमुळे. विल्यम्स १९७३ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी गेले, केंड्रिक्स १९९२ मध्ये. हे ठाऊक असणाऱ्याला त्या प्रार्थनेत दोन मित्रांचे अखेरचे संगतगान ऐकू येते.

काळही ध्यानात घ्यावा. डेट्रॉइटमध्ये जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली होती. हाच संच त्यानंतर जगातील गोंधळावर कर्कश, प्रक्षुब्ध गाणी गात होता. अशा वेळी एका माणसाने खिडकीत उभे राहून छोट्या घराचे स्वप्न पाहिले, आणि हजारोंना ते आपले वाटले. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ एक तरी न उच्चारलेले वाक्य असतेच. ते ज्याला सांगावयाचे, त्याला सोडून साऱ्या जगाला सांगण्याची सोय गाण्याने करून ठेवली आहे. शास्त्राने त्याला आभास म्हणावे, ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो तो मात्र खराच.