राहून गेलेले उत्तर

कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. अणूच्या अंतरंगाचा धडा आला, की फळ्यावर ठरलेली नावे पडत : रदरफर्ड, चॅडविक, युकावा, पॉवेल. १९८६ च्या सुमारास तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, यात बाई कुणीच नाही का?"

"आहे की! मादाम क्यूरी."

"आपल्याकडची?"

तेवढ्यात घंटा झाली. "पुढच्या तासाला बघू," म्हणत मी डस्टर उचलले. पुढच्या तासाला नवा धडा सुरू झाला. खरे सांगायचे तर, मला उत्तर येत नव्हते.

ते मिळाले २०१९ साली, निवृत्तीनंतर, वर्तमानपत्रातल्या एका छोट्या बातमीत. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एकेका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी दिली होती. भारताने आपल्या ताऱ्याला नाव दिले 'विभा'. ग्रहाचे 'संतमस' हे नाव तर पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले. विभा म्हणजे तेजाची प्रभा हे ठाऊक होते. पण खाली लिहिले होते, की हे नाव विभा चौधरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंच्या स्मरणार्थ आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. कोण या विभा चौधरी?

मग शोध सुरू झाला. जन्म १९१३, कोलकाता. वडील डॉक्टर, आईकडून घरात ब्राह्मो समाजाचे वळण, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९३६ मध्ये त्या कोलकाता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्या, वर्गात एकट्या मुलगी. संशोधनासाठी देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे गेल्या, तेव्हा बाईमाणसाला देण्याजोगे काम आपल्यापाशी नाही, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. विभाताई हटल्या नाहीत. शेवटी बोस यांनी त्यांना घेतले आणि त्या दोघांच्या नावावर पुढे जे काम झाले, ते आजही अभिमानाने सांगावे असे आहे.

काम काय होते? आकाशातून आपल्यावर सतत वैश्विक किरणांचा वर्षाव होत असतो. त्यातले कण डोळ्यांना दिसत नाहीत. पण फोटोच्या काचेवरच्या रसायनातून एखादा विद्युतभारित कण गेला, की वाटेत चांदीचे बारीक कण काळे पडतात. पिठावरून मुंगी गेली की माग उरतो ना, तसेच. दार्जिलिंग, बारा हजार फुटांवरचे संदकफू आणि तिबेटमधले त्याहून उंच फारी जोंग, अशा ठिकाणी या काचा महिनोन् महिने ठेवल्या गेल्या. उंचावर हवा विरळ, म्हणून किरण अधिक. नंतर त्या काचा धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक रेघ मोजायची. भरलेली बैलगाडी सरळ जाते, रिकामी सायकल खड्ड्याखड्ड्याला वळते. तसा जड कणाचा माग सरळ आणि हलक्याचा वाकडातिकडा. त्या वळणांवरून कणाचे वजन काढायचे. बोस आणि चौधरी यांनी इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाचे कण नोंदवले. १९४० पासून त्यांचे लेख 'नेचर'मध्ये आले.

पण दुसरे महायुद्ध पेटले होते. अधिक संवेदनशील काचा मिळेनात. होत्या त्या काचांवर निरनिराळे मेसॉन वेगळे ओळखता येत नव्हते. युद्धानंतर ब्रिस्टलला सेसिल पॉवेल आणि सहकाऱ्यांना सुधारलेल्या काचा मिळाल्या, १९४७ मध्ये पाय-मेसॉन सापडला आणि १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. "आपल्या बाईंचे नोबेल पळवले," असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पाय-मेसॉन ब्रिस्टललाच सापडला. पण त्या वाटेने पाच-सात वर्षे आधी कोलकात्याची दोन माणसे चालून गेली होती, हेही तितकेच खरे. पॉवेल यांनी पुढे आपल्या ग्रंथात तसा उल्लेख केला. परक्याने नोंद ठेवली. आम्ही, शिकवणाऱ्यांनी, ठेवली नाही.

१९४५ मध्ये विभाताई मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी गेल्या. तिथल्या वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत छापली. भौतिकशास्त्रात बायका इतक्या कमी असाव्यात याची खंत त्यांनी तिथे बोलून दाखवली. ते वाचताना मला तो तिसरा बाक आठवला.

१९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री-संशोधक. संस्था त्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली होती. विद्यार्थिदशेत मी त्या इमारतीवरून कितीदा गेले असेन. कुणी सांगितले असते तर क्षणभर थांबले असते.

पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत असताना कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग झाले. आधी कण शोधायला हिमालय चढायचा, मग जमिनीच्या पोटात उतरायचे! जे कण एवढा खडक भेदून खाली येतात, तेच तिथे भेटतात. १९७१ मध्ये विक्रम साराभाई गेले आणि माउंट अबूला करायच्या प्रयोगांचा त्यांचा बेत मागे पडला. त्या कोलकात्याला परतल्या. पण काम सुटले नाही. शेवटचा शोधनिबंध १९९० चा, मृत्यू २ जून १९९१ चा. लग्न केले नाही, मोठा सन्मान मिळाला नाही, देशातल्या विज्ञान अकादमींनी सदस्यत्व दिले नाही. त्यांचे चरित्र आले २०१८ मध्ये, जाऊन सत्तावीस वर्षे झाल्यावर.

म्हणजे माझ्या वर्गात तो प्रश्न आला, तेव्हा विभाताई हयात होत्या, काम करीत होत्या. एक पोस्टकार्ड टाकले असते, तर कदाचित उत्तरही आले असते. हे मनातून जात नाही.

विभा तारा सिंह राशीच्या दक्षिणेला आहे, सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, छोटी दुर्बीण लागते. ती विद्यार्थिनी आज पन्नाशी ओलांडलेली असेल. पुढे तिने विज्ञान घेतले की नाही, मला माहीत नाही. तिच्या हाती ही पुरवणी पडली, तर तिला सांगायचे आहे : होय गं, आपल्याकडची होती. तुला सांगायला मला उशीर झाला. तुझ्या घरातल्या मुलींना मात्र तू वेळेवर सांग.